गोळी मनासाठी घ्या, अंगाचा हिशोब वेगळा ठेवा

प्रश्न : ताई, माझं वय ३६. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत सासूबाई आणि आठवीतल्या मुलीबरोबर राहते, मिस्टर मुंबईला नोकरीला असतात. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात चिकुनगुनिया झाला. ताप गेला, सांधेही हळूहळू मोकळे झाले, पण अंगातलं त्राण गेलं ते आजतागायत परत आलं नाही. सकाळी उठते ती थकूनच. विहिरीवरून दोन कळशा आणल्या की छाती धडधडते. ओट्याशी उभी राहून भाकऱ्या करताना डोळ्यांपुढे अंधारी येते. गणपतीत दिवसभर मोदकांना बसले, त्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी जी आडवी झाले, ती विसर्जनालाही उठले नाही. बोलता बोलता साधे शब्द आठवत नाहीत. रक्त तपासलं, सगळं नॉर्मल आलं. सासूबाई म्हणतात सुस्ती लागलीय. ग्रामदेवीला कौल लावून झाला.

दिवाळीनंतर आणखी काहीतरी बिघडलं. मुलीचा वक्तृत्वात पहिला नंबर आला, तरी मला काही वाटलं नाही. जेवण नकोसं होतं, उगाच रडू येतं. कधी वाटतं, मी नसते तर घरावरचा भार तरी कमी झाला असता. तालुक्याच्या डॉक्टरांनी डिप्रेशन आहे म्हणून एसिटॅलोप्राम १० आणि झोपेसाठी क्लोनाझेपाम लिहून दिली, रोज अर्धा तास चालायला सांगितलं. चालायला लागले आणि आठवड्याभरात अंथरूण धरलं. मुंबईची चुलत नणंद म्हणते, "हा क्रॉनिक फटिग सिंड्रोम आहे, शरीराचा आजार आहे. मनाच्या गोळ्या घेतल्यास तर सगळे म्हणतील, बघा, मनाचंच होतं." पट्टी कपाटात तशीच पडून आहे. घेऊ की नको?

उत्तर : ताई, गोळीचं नंतर बघू. आधी ते वाक्य, "मी नसते तर घरावरचा भार कमी झाला असता." तुम्ही ते लिहून पुढच्या विषयाकडे वळलात, मला तसं वळता येत नाही. हा विचार नुसता येऊन जातो, की कसं करायचं इथपर्यंत पोचतो? तिथपर्यंत पोचत असेल तर पुढचं वाचणं थांबवा. आत्ता मिस्टरांना फोन करा, शेजारणीला घरी बोलवा, रात्री एकट्या झोपू नका आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात आजच जा. नुसता येऊन जात असेल, तरी घरातल्या एका माणसाला तो स्पष्ट शब्दांत सांगा. घरी सांगवत नसेल तर १४४१६ ला फोन लावा. टेलिमानस ही सरकारी सेवा २०२२ पासून चालू आहे. पैसे पडत नाहीत, चोवीस तासांत कधीही लागते, मराठीत बोलता येतं.

आणि एक काम आजच करून घ्या. सध्या आंब्याच्या फवारणीचे दिवस आहेत. तुमच्या पडवीत किंवा गोठ्याच्या माळ्यावर औषधाच्या बाटल्या असतील तर त्या कुलपात टाकायला सांगा, किल्ली सासूबाईंच्या कनवटीला राहू दे. असा विचार जोरात येतो तो काळ बहुतेक वेळा थोडा असतो, आणि त्या थोड्या वेळात हाताशी काही नसलं की माणूस वाचतो. तुम्ही असं काही कराल असं मी म्हणत नाही. असं लिहिणाऱ्या प्रत्येकीला मी हे सांगते.

आता आजाराकडे येते. मी तुम्हाला तपासलेलं नाही, तेव्हा निदान तुमच्या डॉक्टरांनीच करायचं. पण पत्रात जे आहे त्यावरून मला एकावर एक आलेले दोन आजार दिसतात, आणि म्हणूनच नणंदही बरोबर आहे आणि डॉक्टरही. प्रत्येकाला त्यातला एकच दिसतोय.

मोदकांची गोष्ट मी दोनदा वाचली. काम त्या दिवशी केलंत आणि अंग गळालं तिसऱ्या दिवशी. साध्या अशक्तपणात असं होत नाही. रक्त कमी असलेली बाई काम करतानाच दमते आणि झोप काढली की थोडी तरी सावरते. क्रॉनिक फटिग सिंड्रोममध्ये, ज्याला आता एमई-सीएफएस म्हणतात, श्रमाचा फटका बऱ्याचदा बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी बसतो आणि मग दिवसचे दिवस, कधी आठवडेही जातात. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली या आजाराचे निकष नव्याने मांडले, त्यात ही उशिरा येणारी घसरण अत्यावश्यक मानली आहे. तिच्याबरोबर सहा महिन्यांहून जास्त टिकलेला, पूर्वी नसलेला थकवा हवा, झोपूनही ताजं न वाटणं हवं, आणि शिवाय दोनपैकी एक गोष्ट हवी: डोकं न चालणं, किंवा उभं राहिल्यावर त्रास होणं. तुमच्या पत्रात दोन्ही आहेत. आपल्याकडे डेंग्यू, लेप्टो, चिकुनगुनिया दर पावसात येतात आणि ताप उतरला की रुग्ण बरा झाला असं आपण धरून चालतो. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो या गावाच्या परिसरात तीन वेगवेगळ्या तापांच्या रुग्णांवर महिनोन्महिने लक्ष ठेवलं गेलं. त्यातला एक ताप चिकुनगुनियाच्याच कुळातल्या, डासांमार्फत पसरणाऱ्या रॉस रिव्हर विषाणूचा होता. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहा महिन्यांनंतरही सुमारे १२ टक्के लोक थकव्याने आजारी होते. त्यांची सुरुवातीची मानसिक स्थिती कशी होती यावरून पुढे कोण आजारी राहणार हे सांगता येत नव्हतं. मूळ तापाने किती जोरात झोडपलं, यावरून सांगता येत होतं. हे सासूबाईंना जरूर वाचून दाखवा.

तर मग डिप्रेशन कशावरून? थकलेल्या माणसाला मी नेहमी एक प्रश्न विचारते: उद्या सकाळी पूर्वीचं बळ परत आलं तर काय कराल? ज्याला नुसता थकव्याचा आजार आहे तो धडाधड सांगायला लागतो. परसात लाल माठ टाकीन, माहेरी जाऊन येईन, घर सारवायला काढीन. सांगताना डोळे भरतात, पण सांगायचं थांबत नाही. डिप्रेशनमधला माणूस गप्प राहतो, कारण त्याला काही करावंसंच वाटत नसतं. तुमच्या पत्रातली गणपतीपर्यंतची बाई मोदकांना बसणारी आहे. अंग साथ देत नव्हतं, पण हौस होती. दिवाळीनंतरच्या बाईला पोरीचा पहिला नंबर आला तरी काही वाटत नाही. अन्न गोड लागत नाही, कारणाशिवाय रडू येतं, आपण असून काय उपयोग असं वाटतं. हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं असेल तर त्याला डिप्रेशनच म्हणायचं आणि त्यावर उपचार करायचे. दोन वर्षं अंग साथ देत नाही आणि घरचे विश्वास ठेवत नाहीत, अशा स्थितीत हा दुसरा आजार आला यात तुमचं काही चुकलेलं नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: हो, डॉक्टरांशी पुन्हा एकदा बोलून गोळी सुरू करा. नणंदेची भीती मला कळते. या आजाराच्या रुग्णांना जगभर वर्षानुवर्षं "मनाचे खेळ" म्हणून हिणवलं गेलं आहे, तिचा राग फुकटचा नाही. पण मधुमेही बाईला न्यूमोनिया झाला आणि तिने अँटिबायोटिक घेतलं म्हणून तिचा मधुमेह खोटा ठरत नाही. कुणी म्हणालंच की बघा, मनाचं होतं, तर सांगा की मनाचाही आजार आहे आणि अंगाचाही, एकाचं औषध मिळालंय म्हणून ते घेते आहे.

मात्र त्या गोळीकडून कशाची अपेक्षा करायची हे आधीच ठरवा. एमई-सीएफएस बरा करणारं औषध आज जगात कुठेही नाही. डिप्रेशनच्या गोळीने हा थकवा जाईल का, हे तपासून झालेलं आहे. नेदरलँड्समध्ये फ्लुऑक्झेटिनची चाचणी झाली, ती १९९६ साली प्रसिद्ध झाली. आठ आठवडे गोळी देऊनही थकवा हटला नाही, ज्यांना सोबत डिप्रेशन होतं त्यांचाही नाही. त्या चाचणीत डिप्रेशनवरही म्हणावा तसा परिणाम दिसला नव्हता, हेही सांगते, लपवत नाही. पण ती एका औषधाची, एकाच मात्रेची, दोन महिन्यांची गोष्ट होती. एकाने गुण आला नाही तर मात्रा वाढवता येते, औषध बदलता येतं आणि सोबत समुपदेशन घेता येतं. गोळीने रडू थांबावं, जेवण जावं, पोरीचं कौतुक वाटावं, ते भाराचं वाक्य डोक्यातून निघावं, एवढं तिच्याकडून मागा. कळशी उचलण्याचं बळ तिच्याकडून मागू नका.

मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोला. तुम्हाला १० मिलिग्रॅम लिहून दिलीय. एमई-सीएफएसच्या रुग्णांना औषधं बऱ्याचदा सोसत नाहीत, इतरांना जी मात्रा सहज चालते तिने यांना मळमळ, डोकेदुखी, अंगाची थरथर होते आणि ते तिसऱ्या दिवशी पट्टी फेकून देतात. म्हणून कमी मात्रेने सुरुवात करून सावकाश वाढवावी, असं ब्रिटनमध्ये डॉक्टरांसाठी उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या नाइस या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेतही म्हटलं आहे. "५ पासून सुरू करून पंधरवड्याने वाढवूया का?" असं सरळ विचारा. विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. गोळी जेवणानंतर घ्या, आणि तिने झोप उडत असेल तर सकाळी घ्या. पहिले आठ-दहा दिवस मळमळेल, जरा बेचैन वाटेल आणि गुण काहीच दिसणार नाही. फरक दोन ते चार आठवड्यांनी कळायला लागतो, पुरता कळायला सहा ते आठ आठवडे जातात. सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी फार वाढली किंवा ते वाईट विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पूर्वी कधी तुमचे असे दिवस गेले असतील की झोप नाही तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, भराभर खर्च केला, तर तेही गोळी सुरू करायच्या आधी सांगायला हवं, कारण मग औषध वेगळं लागतं. दिवस राहण्याची शक्यता असेल तर तेही.

मन सावरलं की लगेच गोळी सोडायची नाही. बरं वाटायला लागल्यापासून किमान सहा महिने ती चालू ठेवतात आणि मग डॉक्टर हळूहळू उतरवतात. एकदम तोडली तर चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात विजेसारखे झटके बसतात. आपल्याकडे ती तुटते ती बऱ्याचदा पावसामुळे. जुलैत घाटी निसरडी असते, ओढ्याला पाणी असतं, एसटी वाडीपर्यंत येत नाही आणि मेडिकल तालुक्याला. म्हणून जून लागायच्या आत महिनाभराची गोळी घरात येऊन पडू दे. पण तो साठा तुमच्या कपाटात नको, सासूबाईंकडे किंवा शेजारच्या वहिनींकडे ठेवा आणि त्यांनी आठवड्याची पट्टी तुम्हाला द्यावी. मन पूर्ण सावरेपर्यंत एवढं करा.

क्लोनाझेपामबद्दल मी जास्त कडक आहे. ती थोडे दिवस, फार तर दोन ते चार आठवडे, झोपेची घडी बसवायला घेतली तर ठीक. पुढे तिची सवय लागते, सकाळी डोकं जड राहतं, विसराळूपणा वाढतो, आणि तुमचे तर शब्द आधीच हरवतायत. कोकणात घरोघरी म्हाताऱ्या माणसांच्या उशाखाली ही गोळी वर्षानुवर्षं सापडते, चिठ्ठी कधीच फाटून गेलेली असते. तुम्ही सुरुवात करण्याआधी कधी थांबायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. अंगदुखी आणि तुटक झोप हीच मोठी अडचण असेल तर अमिट्रिप्टिलिन रात्री १० मिलिग्रॅम इतक्या छोट्या मात्रेत काहींना उपयोगी पडते. पण तिने तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही आणि उभं राहिल्यावर रक्तदाब घसरू शकतो. तुम्हाला अंधारी येते, तेव्हा तुमच्या बाबतीत ती जपूनच. दुखणं आणि डिप्रेशन दोन्ही जोरात असतील तर ड्युलॉक्सेटिनचाही विचार डॉक्टर करू शकतात.

आणि सांधेदुखीसाठी काय घेता ते पत्रात नाही. हे मला कळायला हवं होतं. चिकुनगुनियानंतर लोक दुकानातून दुखण्याची गोळी आणतात आणि महिनोन्महिने खातात. एसिटॅलोप्रामबरोबर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढवतात. ट्रामाडोलबरोबर ती घेतली तर घाम, थरथर, धडधड असा गंभीर त्रास होऊ शकतो. सांध्यांसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर दोन्ही मिळून हृदयाच्या ठोक्यावर परिणाम होण्याची शक्यता असते, आधी ईसीजी काढावा लागतो. पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत चालते. घरात असतील तेवढ्या सगळ्या पट्ट्या, पुड्या, काढे एका पिशवीत भरा आणि पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करा. नावं आठवायचा प्रयत्नच नको.

आता ज्याची मला गोळीपेक्षाही जास्त काळजी वाटते ते लिहिते. समजा गोळी लागू पडली. दीड महिन्याने एका सकाळी तुम्हाला बरं वाटेल. खळं झाडावंसं वाटेल, माळ्यावरची भांडी काढून घासावीशी वाटतील, सासूबाईंना दाखवून द्यावंसं वाटेल. मन परत आलेलं असेल. अंग जिथे होतं तिथेच असेल. डिप्रेशनने तुम्हाला जबरदस्तीने बसवून ठेवलं होतं, तो लगाम सुटेल आणि दोन दिवसांत तुम्ही एवढं काम कराल की तिसऱ्या दिवशी पुन्हा आडव्या. मग घरचे म्हणतील औषध लागू पडत नाही आणि तुम्हीही निराश होऊन गोळी सोडाल. औषध लागू पडलेलं असतानाच लोक ते सोडतात, ते असं. म्हणून ज्या दिवशी पहिल्यांदा उत्साह वाटेल त्या दिवशी कालच्याएवढंच काम करायचं. उरलेला उत्साह मुलीजवळ बसून तिचं भाषण ऐकण्यात घालवा.

रोजच्या अर्ध्या तासाच्या चालण्याबद्दल: ते थांबवलंत हे योग्य केलंत. डिप्रेशनला चालणं खरंच उपयोगी आहे, डॉक्टरांनी चुकीचं सांगितलं असं नाही. पण श्रमानंतरची घसरण असलेल्या माणसाला दर आठवड्याला व्यायाम वाढवत नेणं बाधतं. नाइसने २०२१ साली अशा ठरवून वाढवत नेलेल्या व्यायामाची शिफारस काढून टाकली. दोन आजारांचे सल्ले इथे एकमेकांच्या आड येतात, आणि अशा वेळी अंगाचं ऐकायचं. मन रमवायला श्रम न लागणाऱ्या गोष्टी शोधा. सकाळचं ऊन अंगावर घेत पडवीत बसणं, रेडिओ, माहेरच्या माणसाशी फोन.

अंगाचा हिशोब तुमच्या विहिरीवरून सांगते. एप्रिल-मेमध्ये झरा बारीक होतो तेव्हा तुम्ही काय करता? सकाळी चार घागरी काढता, मग पाणी साठू देता, संध्याकाळी दोन. एखाद्या दिवशी पंप लावून उपसली तर पुढचे दोन दिवस गाळच. तुमचं अंग सध्या बारमाही मे महिन्यात आहे. दोन आठवडे एका जुन्या वहीत रोज लिहा: काय काम केलं, किती वेळ, आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत कसं वाटलं. त्यातून कळेल की तुम्हाला घसरण न होता किती जमतं. जमतं त्याच्या थोडं आतच थांबायचं, थकवा यायच्या आधी. कामाचे तुकडे करायचे. तांदूळ बसून निवडा, मग अर्धा तास आडव्या व्हा, मग भाजी चिरा. आडवं होणं म्हणजे डोळे मिटून, मोबाईल लांब ठेवून. बोलणं, हिशोब, मुलीचा अभ्यास घेणं हेही श्रमच आहेत, त्यांनीही घसरण होते. वहीत तेही लिहा.

उभं राहिल्यावर येणाऱ्या अंधारीवर मात्र काही करता येण्यासारखं आहे आणि ते फार थोड्या ठिकाणी तपासलं जातं. डॉक्टरांना किंवा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना सांगा की आडवी असताना नाडी आणि बीपी बघा, मग दहा मिनिटं उभी करून पुन्हा पुन्हा बघा. नाडी तिसाहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली किंवा बीपी घसरलं, तर त्यावर वेगळे उपाय आहेत. तोवर बीपी वाढीव नाही याची खात्री करून पाणी आणि मीठ वाढवा. सकाळच्या पेजेत मीठ घाला, दुपारी कोकमाचं सरबत मीठ घालून घ्या. भाकऱ्या स्टुलावर बसून करा, आंघोळ बसून, फार कढत पाण्याने नको. कळशा या घडीला दुसऱ्या कुणी आणायच्या. याला पर्याय नाही.

"रक्त नॉर्मल" म्हणजे नेमकं काय काय बघितलं, तो कागद परत वाचून घ्या. बऱ्याचदा नुसतं हिमोग्लोबिन आणि साखर बघितलेली असते. थायरॉइड, बी-१२, डी जीवनसत्त्व, किडनी, लिव्हर आणि फेरिटिन झालं आहे का ते विचारा. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. पाळीत जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही तो तळाला गेलेला असू शकतो, आणि तो भरून काढणं सोपं आहे. मोठ्याने घोरत असाल तर तेही सांगा.

सासूबाईंनी कौल लावला, त्यांनी त्यांच्या परीने काळजीच केली. देवीला गाऱ्हाणं घालायचं तर घालू दे, त्याने गोळीच्या आड काही येत नाही. कुणी भगत गोळी सोडायला सांगेल किंवा अनोळखी मुळी उगाळून देईल, तेवढं ऐकायचं नाही. "लवकर गुण" देणाऱ्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. चार दिवस तरतरी येते आणि मग हाडं, साखर, बीपी सगळं बिघडतं.

मिस्टरांना हे उत्तर फोनवर वाचून दाखवा. शिमग्याला ते येतीलच, पण तोवर थांबायचं नाही, डॉक्टरांची भेट या आठवड्यात. तालुक्याच्या डॉक्टरांना दोन्ही आजार एकत्र सांभाळणं अवघड वाटलं तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाची चिठ्ठी मागा. तिकडे एसटीने जायचं तर आदल्या दिवशी आणि नंतरचे दोन दिवस कामाला हात लावायचा नाही, हे घरात आधी सांगून ठेवा. मिस्टर आल्यावर त्यांनी पालखीच्या दिवशी पाहुण्यांचं बघावं, जेवण वाडीतल्या बायकांकडून करून घ्यावं आणि तुम्ही खुर्चीत बसून ओटी भरावी. सरळ करार करून टाका.

गोळी सुरू केल्यावर दीड महिन्याने मला पुन्हा लिहा. मन कसं आहे ते एका परिच्छेदात आणि अंग कसं आहे ते दुसऱ्या. सांध्यांना काय घेता तेही कळवा.